इंजिन बदलायचे म्हणजे काय बदलायचे?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे आणि जाणत्यांचे चार शब्द ऐकावेत, ही महाराष्ट्राची रीतच होऊन गेली आहे. अशा व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकले असेल, इतिहास ऐकला असेल, अर्थकारण ऐकले असेल. आज मात्र आपल्या वाट्याला मोटारींचा एक मास्तर आला आहे. माझा सारा जन्म तंत्रशाळेच्या कार्यशाळेत, तेलाने माखलेल्या हातांनी गेला. वक्तृत्वाची अपेक्षा माझ्याकडून करू नये. हातात पाना असला म्हणजे माझी जीभ जरा बरी चालते. आज पाना नाही, तेव्हा आपण सांभाळून घ्यावे.

माझा विषयही साधा आहे. लहान इंजिनाची, स्वस्तातली, आपोआप गिअर बदलणारी एखादी सेडान गाडी आहे. तिच्यात मोठ्या ताकदीचे इंजिन बसवावे काय? कोणी म्हणेल, हा प्रश्न गॅरेजातला आहे, व्याख्यानमालेतला नव्हे. परंतु थोडा धीर धरावा. आज आपल्या जिल्ह्यात गावोगावी मोटारी आल्या आहेत, आणि मोटार आली की आज ना उद्या ‘हिला आणखी जोर हवा’ ही इच्छाही मागोमाग येते. त्या इच्छेपायी माणसे पैसा घालवतात, कधी कायद्याच्या कचाट्यात सापडतात, आणि कधी याहूनही मोठे काही गमावतात. म्हणून हा प्रश्न चारचौघांत बोलण्याजोगा आहे, असे मला वाटते.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याची छोटी धानाची गिरणी आहे. चहा होईपर्यंत तो काही बोलला नाही, आणि मग एकदम म्हणाला, “सर, गाडी ओढतच नाही जी!” गाडी म्हणजे चार मीटरच्या आत बसणारी, मागे डिकी असलेली सेडान, पेट्रोलचे १२०० घनसेंटीमीटरचे इंजिन, क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. वडिलांना दर आठवड्याला नागपूरच्या दवाखान्यात न्यावे लागे. गाडीत घरची पाच माणसे, वातानुकूलन चालू, आणि समोर धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. ट्रकला मागे टाकू म्हटले की गाडीला धाप लागते, असे त्याचे म्हणणे. नागपूरच्या एका कबाड्याकडे त्याने त्याच घराण्यातल्या मोठ्या गाडीचे दीड लिटरचे इंजिन पाहून ठेवले होते आणि दोन हजार रुपये बयाणाही देऊन आला होता. “मिस्त्री मी आणतो, सर. तुम्ही फक्त जवळ उभे राहा.”

मी त्याला लगेच नाही म्हटले नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याला नुसते ‘नाही’ म्हणणे हे शिकवणे नव्हे. “आधी हिशेब मांडू,” असे मी म्हणालो. तोच हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न, हे इंजिन मुळात लहान का? कारखानदाराने काटकसर केली म्हणून, असे आपण म्हणतो. पण त्यात सरकारचाही हात आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले, आणि लहान मोटार कोणती याची व्याख्याही ठरवून दिली. लांबी चार मीटरपेक्षा अधिक नको; इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० घनसेंटीमीटरपर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० पर्यंत. झाले! सेडान गाड्यांच्या शेपट्या आखूड झाल्या आणि त्यांच्या पोटात मापात बसणारी इंजिने आली. पुढे वस्तू व सेवा कर आला, तरी ही विभागणी राहिलीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून या लहान गाड्यांवर १८ टक्के आणि त्यांहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. तेव्हा गाडी घेताना आपण जी बचत केली, तिचेच दुसरे नाव लहान इंजिन. सौदा आपणच केला आहे. तो विसरून मग गाडीला दूषण देणे न्यायाचे नाही.

दुसरा प्रश्न, इंजिन हे एकटे आहे काय? तुमसरकडच्या मंडळींना धानाची गिरणी काय असते हे मी सांगावयास नको. समजा, एखाद्या गिरणीवाल्याने १० अश्वशक्तीची मोटर काढून २० ची बसविली आणि त्या जोरावर दुप्पट धान आत ओतावयास आरंभ केला. पट्टा तोच, शाफ्ट तोच, बेअरिंग तेच, आतले रोल तेच. काय होईल? पट्टा घसरेल, जळका वास सुटेल, बेअरिंग तापेल. आणि दैवयोगाने यातले काही झाले नाही, तर तांदूळ कमी आणि कणी जास्त पडेल. मोटर नवी, जोरकस, निर्दोष. आणि गिरणी बिघडलेली! मोटारगाडीचेही असेच आहे. इंजिनात निर्माण झालेला जोर गिअरबॉक्समधून, तेथून शाफ्टमधून, शाफ्टमधून चाकांत आणि चाकांतून रस्त्यावर जातो. ही एक साखळी आहे, आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच.

येथे दोन मापे समजून घ्यावीत. नट आवळताना पान्यावर जो पीळ देतो तसल्या फिरवण्याच्या बळाला टॉर्क म्हणतात. ते बळ किती वेगाने काम उरकते याचे माप म्हणजे अश्वशक्ती. १२०० घनसेंटीमीटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची अश्वशक्ती सुमारे ८० ते ९० असते आणि टॉर्क ११० ते ११५ न्यूटन-मीटर. दीड लिटरच्या इंजिनाची अश्वशक्ती शंभरावर जाते आणि टॉर्क १३५ ते १४५ पर्यंत. म्हणजे फिरवण्याचे बळ सुमारे पाव पटीने वाढले. ऐकावयास हे थोडे वाटते. परंतु इंजिनापुढचा प्रत्येक भाग आधीच्या आकड्यावर, थोडी सवलत ठेवून, घडवलेला असतो. ती सवलत वाईट दिवसासाठी असते. वाढीव इंजिन बसवून आपण ती रोजच खर्चून टाकतो.

आता या गाडीच्या आपोआप चालणाऱ्या गिअरबॉक्सकडे वळू, कारण सगळी मेख तेथे आहे. पायाने क्लच दाबण्याची गाडी असती तर प्रश्न थोडा सोपा असता. क्लचप्लेट मोठी घातली, गिअरबॉक्स बदलली, आणि हाताखालचे तंत्र ओळखीचे राहिले. आपोआप गिअरचे तसे नाही.

दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक विजेवर चालवा. त्याच्या वाऱ्याने दुसरा, वीज नसतानाही, फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद, कड्याच्या आकाराच्या पोकळ भांड्यात घाला. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मध्ये तिसरे एक पात्यांचे चक्र असते, ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते आणि गाडी सुटताना फिरवण्याचे बळ दुपटीच्या आसपास नेते. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले, तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी! पुढे अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक ही तेलावर चालणारी आपोआप गिअरची पेटी आली आणि डाव्या पायाला विश्रांती मिळाली.

या पंख्यांच्या पात्यांचा कोन, तेलाचा दाब, आतल्या लहान-लहान क्लचचकत्यांची संख्या, हे सारे एका विशिष्ट इंजिनासाठी ठरवलेले असते. अधिक जोराचे इंजिन लावले की चकत्या किंचित घसरू लागतात. घसरल्या की तापतात, तापल्या की तेल जळते, तेल काळे पडले की चकत्या आणखी घसरतात. माणसाच्या कर्जासारखेच हे चक्र आहे. आरंभी कळत नाही, आणि कळते तेव्हा फेडण्याजोगे राहत नाही.

आपोआप गिअरच्या गाड्यांत आणखी दोन प्रकार आपल्याकडे दिसतात. एकात दोन कप्प्यांमध्ये पोलादी पट्टा असतो आणि कप्प्यांची रुंदी बदलून वेग बदलतो. त्याला सीव्हीटी म्हणतात. तेथे पट्टा जोराच्या दाबाने धरलेला असतो. मर्यादेबाहेर बळ आले की तो घसरतो आणि कप्प्यावर चरे पडतात. दुसरा प्रकार एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीतून तो प्रथम आपल्या देशात आला. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात. माणसाच्या हातापायाचे काम मात्र यंत्र करते. हा प्रकार स्वस्त म्हणून लोकप्रिय झाला. पण क्लच केव्हा दाबावयाचा आणि किती हळू सोडावयाचा, हे त्या यंत्राला एकाच इंजिनाच्या सवयीप्रमाणे शिकवलेले असते.

आणि शिकवलेले असते, या शब्दाशीच आजच्या गाडीचे मर्म आहे. पूर्वी इंजिन म्हणजे लोखंड, तेल आणि ठिणगी. आता इंजिनाला एक संगणक असतो, गिअरबॉक्सला दुसरा, ब्रेकला तिसरा. गिअर बदलण्याच्या क्षणी गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या संगणकाला सांगतो, ‘क्षणभर जोर कमी कर.’ इंजिन कमी करते, गिअर पडतो, पुन्हा जोर येतो. आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. दुसरे इंजिन आणले आणि त्याची भाषा जुन्या गिअरबॉक्सला कळली नाही, तर दर गिअरला धक्का बसतो. पुष्कळदा गिअरबॉक्स स्वतःच्या रक्षणासाठी एकाच गिअरमध्ये अडून बसते आणि गाडी कशीबशी घरी येते. चावी ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा तर नवे इंजिन सुरूही होऊ देत नाही. मिस्त्री लोखंड जुळवून देईल हो! पण या तीन संगणकांची सोयरीक जुळवणे, हे कबाडी बाजारात मिळत नाही.

“मग सर, मोठ्या कारखान्यांनी इंजिने बदललीच नाहीत काय?” असे माझ्या विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न चांगला होता. बदलली, आणि आपल्या देशातच बदलली. पण कशी, ते पाहा.

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसिडर आपण सर्वांनी पाहिली आहे. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून घडलेली ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटीमीटरचे, अश्वशक्ती पन्नास-पंचावन्न. त्याच कारखान्याने १९८४ मध्ये कॉन्टेसा नावाची मोठी, रुबाबदार गाडी काढली आणि तिच्यात हेच लहान इंजिन घातले. देह पहिलवानाचा आणि दम पोराचा, अशी तिची अवस्था झाली. तेव्हा जपानच्या इसुझु कंपनीचे १८१७ घनसेंटीमीटरचे इंजिन तिच्यात आले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ते अ‍ॅम्बॅसिडरमध्येही आले. अश्वशक्ती ७५ झाली. जुनी, संथ अ‍ॅम्बॅसिडर चपळ झाली.

परंतु येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंजिन बदलले तेव्हा स्टिअरिंगजवळच्या दांड्याची जुनी चार गिअरची पेटीही गेली आणि खाली दांडा असलेली पाच गिअरची नवी पेटी आली. जुन्या गिअरबॉक्सवर नवे इंजिन त्यांनी लादले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी गाड्या काढल्या. १९८५ मध्ये त्यांनी ११८ एनई ही गाडी आणली. सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा आणि इंजिन जपानच्या निसानचे, ११७१ घनसेंटीमीटरचे. एका घरचा देह, दुसऱ्या घरचे हृदय! पण तेथेही निसानच्या इंजिनाबरोबर निसानचीच गिअरबॉक्स आली. ज्यांच्यापाशी अभियंत्यांची फौज होती, चाचणीचे रस्ते होते, भांडवल होते, त्यांनीसुद्धा इंजिन आणि गिअरबॉक्स हे जोडपे मोडले नाही. मग आपण एका मिस्त्रीच्या भरवशावर ते का मोडावे?

आणि हे समजून घेण्यासाठी भंडाऱ्याच्या माणसाला दूर जावयास नको. वैनगंगेचा पूल ओलांडून साकोलीच्या रस्त्याला लागले की गडेगाव लागते. तेथे अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे, आणि तेथे गिअरबॉक्स तयार होतात. देशभर जे ट्रक आणि ज्या बसगाड्या धावतात, त्यांतल्या कित्येकांच्या पोटात आपल्या जिल्ह्यात घडलेले दाते फिरत असतात. गाडी पाहणारा माणूस इंजिनाची अश्वशक्ती विचारतो. गिअरबॉक्सबद्दल कोणी विचारीत नाही. जोर निर्माण करणाऱ्याचे नाव होते, जोर सोसून पुढे पोचविणाऱ्याचे होत नाही. आपला जिल्हा हे दुसरे काम करतो, याचा मला अभिमान वाटतो.

आता मी आपल्याला माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगणार आहे. ती मी फारशी कोठे सांगत नाही.

१९९० च्या सुमारास मी तरुण होतो, हातात कसब होते आणि त्या कसबाचा गर्वही होता. एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या जुन्या मोटारीत एका व्हॅनचे डिझेल इंजिन बसवून मागितले. त्या काळी हे सर्रास चाले. आम्ही तिघांनी दोन महिने खपून ते बसविले. इंजिनाच्या बैठकी नव्याने वेल्ड केल्या, शाफ्ट कापून जुळविला, रेडिएटर मोठा घातला. पहिल्याच दिवशी गाडी अशी काही उठली की मालकांनी आम्हाला पेढे दिले. पूर्वी सत्तरावर थरथरणारी ती गाडी नव्वदावर सहज जाऊ लागली.

आम्ही ब्रेक बदलले नव्हते. ‘चांगले लागतात की!’ असे म्हणालो होतो. लागत होतेच, सत्तराच्या वेगाला.

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. धानाची कापणी होऊन बांध्यांतून भारे खळ्याकडे निघाले होते. एका वळणानंतर भाऱ्यांनी भरलेली बैलगाडी रस्त्यावर चढत होती. मालकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण जेथे थांबावयास हवी होती तेथून वीस-पंचवीस हात पुढे. गाडीवान उडून भाऱ्यांवर पडला म्हणून वाचला. जोडीतला एक बैल जागीच गेला. ऐन हंगामात जोड मोडणे म्हणजे काय, हे या सभेत समजावून सांगण्याची गरज नाही. मालकांनी बैलाची किंमत भरून दिली. पण तो म्हातारा गाडीवान बैलाच्या मानेवर हात ठेवून बसला होता, त्याने आमच्याकडे वर पाहिले नाही.

इंजिनात काही दोष होता काय? मुळीच नाही. इंजिन उत्तम चालले होते. आमचे काम उत्तम झाले होते, आणि म्हणूनच ते घडले.

त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना फळ्यावर एक गणित घालीत आलो आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग केला, म्हणजे वेग सव्वापट झाला. ऊर्जा मात्र दीडपटीहून अधिक झाली. ती सगळी ऊर्जा थांबताना ब्रेकांना पचवावी लागते. हवेचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाने वाढते. ८० चे १०० करण्यास जवळजवळ दुप्पट शक्ती हवी. आणि मिळते काय? भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. सबंध रस्ता ८० ने गेलो तर पाऊण तास. सबंध रस्ता १०० ने गेलो, जे वाटेतली गावे होऊ देत नाहीत, तर ३६ मिनिटे. नऊ मिनिटे वाचली. नऊ मिनिटांत दवाखान्याच्या चिठ्ठीच्या रांगेत आपला नंबर पुढे सरकत नाही!

आता कायद्याचा विचार करू. गाडीच्या नोंदणीपुस्तकात चेसिस क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो, इंजिनाची घनक्षमता असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, कारखानदाराने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाहून नोंदणीचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. इंधन बदलण्याची वाट मात्र कायद्याने मोकळी ठेवली आहे. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी सीएनजीवर किंवा विजेवर नेता येते. पण तो संच पुण्याच्या एआरएआयसारख्या, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेसारख्या, चाचणी संस्थेने पारखलेला हवा आणि परिवहन कार्यालयात त्याची नोंद हवी. इंजिन निकामी झाले तर त्याच जातीचे दुसरे बसविण्यासाठीही रीतसर परवानगी घ्यावी.

कोणी म्हणेल, बॉनेट उघडून पाहतो कोण? रोज कोणी पाहत नाही हे खरे. पण अपघात झाला की सगळे पाहतात. विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा इंजिन क्रमांक पाहतो, आणि तो जुळला नाही की कंपनीला हात वर करावयास कारण मिळते. शिवाय कबाड्याकडचे इंजिन कोणत्या गाडीतून आले, ती गाडी अपघाताची की चोरीची, हे त्या लोखंडावर लिहिलेले नसते. जे नऊ मिनिटांसाठी केले, त्यापायी वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी झिजवावी लागू शकते.

हा सगळा हिशेब ऐकून माझा विद्यार्थी गप्प झाला. मग म्हणाला, “पण सर, गाडी ओढत नाही हे तर खरे ना?” त्याचे बरोबर होते. रोग्याला औषध चुकीचे सांगितले, म्हणून त्याचा रोग खोटा ठरत नाही. “चल, फिरवून पाहू,” म्हणून आम्ही निघालो.

बॉनेट उघडले. हवा गाळणारा फिल्टर काढला, तर त्यात धानाचा कोंडा गच्च भरलेला. गाडी गिरणीच्या आवारात उभी राही ना! इंजिन बिचारे नाकावर फडके बांधून धावत होते. चारही टायरांत हवा कमी होती. गिअरबॉक्सचे तेल पाहिले, तर ते तांबडे असावयाचे ते काळसर झालेले. गाडी घेतल्यापासून कोणी बदललेच नव्हते. या तिन्ही गोष्टी त्याने आठवड्याभरात करून घेतल्या. खर्च काही हजारांत आटोपला.

मग आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. समोर ट्रक आला, पलीकडचा रस्ता मोकळा होता. मी म्हणालो, “दाब.” त्याने अर्धा पाय दाबला. “पूर्ण दाब.” तो घाबरला. “सर, इंजिन ओरडते जी.” मी म्हटले, “ओरडू दे.” त्याने पाय तळापर्यंत नेला. क्षणभर काही झाले नाही; मग गिअरबॉक्सने खालचा गिअर घेतला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी ट्रकला मागे टाकून गेली. आपोआप गिअरच्या गाडीत पाय पूर्ण दाबणे म्हणजे ‘आता जोर हवा’ असे तिला सांगणे असते. चार वर्षे गाडी चालवून त्याने तिला ते कधी सांगितलेच नव्हते. आवाजाला भिऊन तो अर्ध्यावरच पाय ठेवी, आणि ती अर्ध्यावर जेवढे देता येईल तेवढेच देई.

मी आपल्याला खोटी आशा दाखवीत नाही. त्याने ती गाडी काही शर्यतीची झाली नाही. पाच माणसे आणि वातानुकूलन घेऊन ती आजही चढावर मंदावते, आणि आतल्या अरुंद रस्त्यांवर ट्रकच्या मागे वाट पाहावी लागते. ज्याला खरोखर मोठे इंजिन हवे, त्याने ती गाडी विकून कारखान्यातूनच मोठे इंजिन घेऊन आलेली गाडी, जुनी का होईना, घ्यावी. तिचे ब्रेक, तिची गिअरबॉक्स, तिचे टायर त्या इंजिनाबरोबरच वाढलेले असतात. हा मार्ग इंजिन बदलण्याहून बहुधा स्वस्तही पडतो. माझ्या विद्यार्थ्याने तूर्त तीच गाडी ठेवली आहे. बयाण्याचे दोन हजार मात्र बुडाले. कबाड्याने काही ते परत दिले नाहीत.

या सभेत तरुण मंडळी आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या हाताला इंजिन खोलण्याची ओढ असणार. मी त्यांना निरुत्साही करण्यासाठी आलेलो नाही. जुने इंजिन आणा, लाकडी ओट्यावर ठेवा, शेवटच्या नटापर्यंत खोला आणि पुन्हा जोडा. आपल्याकडच्या मिस्त्र्यांनी पुस्तकावाचून जे ज्ञान मिळविले आहे, त्यापुढे मी नेहमी नम्र होतो. फक्त ते इंजिन माणसे बसलेल्या गाडीत घालून रस्त्यावर नेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हिला पळवण्याची तजवीज मी केली, थांबवण्याची केली काय?

मी हा प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी विचारला नाही. तो आज आपल्यापुढे ठेवावा, एवढ्याच हेतूने हे निमंत्रण मी स्वीकारले.